कलम नसलेली दवंडी

१९५७ सालच्या एप्रिलमध्ये वर्धा जिल्ह्यातल्या आंजीच्या पलीकडच्या एका गावात एक बैल सकाळी गोठ्यात मेलेला आढळला. आदल्या संध्याकाळी त्याने नेहमीसारखा कडबा खाल्ला होता. त्याच्या नाकातून आणि शेपटीखालून रक्त आले होते. रक्त काळसर होते आणि गोठले नव्हते. पोट फुगले होते, पण पाय ताठले नव्हते.

मालक म्हणाला, पान लागलं. त्या भागात सापाचे नाव घेत नाहीत. साप चावला तर पान लागले म्हणतात. त्याच्या भावांचेही तेच मत पडले. साप असेल तर घाबरण्यासारखे काही नव्हते. बैल एकच गेला होता.

आम्ही त्या वेळी त्याच गावच्या शाळेत मुक्कामाला होतो. शाळा सकाळची होती. दुपारपासून खोली आमच्या ताब्यात असे. आम्ही तिघे होतो. नागपूरच्या एका महाविद्यालयात जीवाणूशास्त्र शिकवणाऱ्या बाई, निवृत्त झालेले एक नायब तहसीलदार आणि कायद्याची पदवी नुकतीच घेतलेला मी. गावावर रोगराई, पूर किंवा दुष्काळ आला तर कोणते काम कायद्याने कोणाचे, प्रत्यक्षात ते कोण करते, आणि शास्त्राप्रमाणे ते कसे व्हायला हवे, असा आमच्या अभ्यासाचा विषय होता. शास्त्र बाईंकडे, अनुभव साहेबांकडे, कायदा माझ्याकडे. आदल्या नोव्हेंबरात जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. कायदे बहुतेक जुनेच चालू होते, पण कोणता चालू आहे असे कचेरीत विचारले तर दोन माणसे दोन उत्तरे देत.

मेलेले ढोर कोण उचलतो, हा आमच्या प्रश्नांपैकी एक होता. सहा-सात महिन्यांपूर्वीपर्यंत त्याचे उत्तर कुठेही विचारायची गरज नव्हती. ज्या वस्तीवर ते काम पिढ्यान् पिढ्या लादलेले होते, तिने आदल्या दसऱ्याच्या सुमारास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ते काम सोडले. तेव्हापासून आम्हाला या प्रश्नावर लोक एकमेकांकडे बघताना दिसत.

बैलाचा मालक कोतवालाकडे गेला. कोतवाल त्याच वस्तीतला. मी तिथे होतो.

“चाल ना गा, ढोर ओढाचं हाये.”

“कोतवाली सरकारची हाये, भाऊ. डफडं वाजवतो, सायबाचा निरोप सांगतो. ढोर नाई ओढत आता. दिवाळीलेच सांगतलं होतं ना.”

“मंग म्या ओढू?”

“तुयाच बैल हाये.”

ओट्यावर बसलेला एक म्हातारा हसला. “पोळ्याले त्याच्या खांद्याले तूप लावतं ना रे? मंग आज खांदा द्याले काऊन लाजतं?”

मालक परत आला तेव्हा गोठ्याच्या दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी आत जायला सगळ्यांना मनाई केली होती.

बाईंना रक्त पाहूनच अँथ्रॅक्सची शंका आली होती. त्यांनी हातावर रबरी मोजे चढवले, बैलाच्या कानाची शीर टोचली, काचपट्टीवर थेंब घेतला आणि टोचलेल्या जागी फिनेलचा बोळा दाबून ठेवला. साहेब म्हणाले, “वर कळवायचं तर पोट फाडून पाहिल्याचा दाखला मागतील.”

“फाडलं तर पुढची पन्नास वर्षं कळवत बसाल,” बाई म्हणाल्या.

त्यांनी कारण सांगितले. या रोगाचा जीवाणू मेलेल्या जनावराच्या अंगात कोंडलेला राहिला तर काही दिवसांत मरतो. अंग उघडले, रक्त सांडले, हवा लागली की तो स्वतःभोवती कवच करतो आणि मातीत कित्येक वर्षे टिकतो. त्या मातीवर चरणारे जनावर मरते. रक्त माणसाच्या जखमेला लागले तर माणसाला काळपुळी होते. उपचार झाला नाही तर माणूस मरू शकतो.

शाळेच्या खिडकीत सूक्ष्मदर्शक ठेवला होता. त्याला खाली आरसा होता, त्यावर ऊन घ्यावे लागे. बाईंनी काचपट्टी निळ्या रंगात बुडवली, धुतली, वाळवली आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्या बाजूला झाल्या. मी पाहिले. निळ्या काड्या एकापुढे एक लागल्या होत्या. त्यांची टोके छाटल्यासारखी चौकोनी होती.

“नागपूरला पाठवते,” त्या म्हणाल्या. “पण तेच आहे.”

साप नव्हता, हे गावात पसरायला फारसा वेळ लागला नाही. गुरे नाल्यावर गेली होती, ती धावत माघारी हाकली. बायांनी मुलांना घरात घेऊन दारे लावली. गोठ्यासमोरच्या कडुनिंबावर गिधाडे येऊन बसली आणि दगड मारले तरी उडेनात.

साहेबांनी चाळीसच्या दशकातल्या टंचाईची आणि पटकीची कामे काढली होती. काय करायचे ते त्यांना पाठ होते. मालकाच्याच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खोल खड्डा, खाली-वर कळीचा चुना. गावचे एकही जनावर शिवेबाहेर जायचे नाही, बाहेरचे आत यायचे नाही. मेलेल्या बैलाला कोणी हात लावायचा नाही. हे सगळे दवंडीने सांगायचे. ते निवृत्त असले तरी गावात त्यांचा शब्द सरकारचाच समजत. त्यांनी कोतवालाला मजकूर सांगितला आणि शेवटी एक वाक्य जोडले: जो हात लावील त्याला तुरुंगाची शिक्षा होईल.

मी म्हणालो, असे कलम नाही. रोगग्रस्त जनावराबाबतच्या तरतुदी आहेत, पण त्या लागू होण्याआधी अधिसूचना निघावी लागते, आणि नुसता हात लावण्याला तुरुंग त्यातही नाही.

“कलम नसेल,” साहेब म्हणाले. “भीती तर आहे? मला भीती पाहिजे.”

मी बाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “लोक लांब राहिले तर मला चालेल.”

कोतवालाने चौकात, पाराजवळ आणि दोन्ही वस्त्यांत डफडे वाजवले. शिक्षेचे वाक्य त्याने सगळ्यात मोठ्याने सांगितले, कारण ते शेवटी होते.

त्याच वेळी मालकाची बायको गोठ्यात होती. हे आम्हाला नंतर कळले, पण घडले तेव्हाच, म्हणून इथेच लिहितो. पुरुष खड्डा खणायला धुऱ्यावर गेले होते. बाई शाळेत नागपूरला पाठवायची काचपट्टी बांधत होत्या. गोठ्याच्या पुढच्या दाराशी साहेबांनी एक माणूस बसवला होता. मागचे दार घरात उघडत होते. तिच्या माहेरची रीत अशी की, बैल मेला तर पुरण्याआधी त्याची वेसण काढायची. जन्मभर बांधलेला जीव मेल्यावर तरी मोकळा जावा. ते काम घरच्या बाईने करायचे, कारण पोळ्याला नैवेद्य तीच भरवते. तिने गाठ सोडली. वेसण रक्ताने भिजली होती आणि ओढून काढावी लागली. सकाळी पऱ्हाट्या रचताना तिचे डावे मनगट खरचटले होते. कपाशीची वाळलेली झाडे तिकडे चुलीला जाळतात आणि त्यांचे खुंट टोकदार असतात.

डफडे घरासमोर आले तेव्हा तिच्या हातात वेसण होती. तिने दवंडी शेवटपर्यंत ऐकली. मग वेसण पऱ्हाट्यांच्या ढिगात खोचली आणि हात राखेने घासले.

बैल संध्याकाळी पुरला. नाकात आणि मागे फिनेलचे बोळे भरले, खाली जुने फाटक सरकवले आणि मालकाने व त्याच्या भावांनी दोर लावून ते धुऱ्यापर्यंत ओढले. जिथून ते गेले त्या वाटेवर कडबा पसरून जाळला. मालक दोर ओढताना सारखा मागे वळत होता आणि जमिनीकडे बघत होता, कुठे थेंब पडला का ते.

पुढचे दिवस असे गेले. बाई रोज सकाळी खड्डा खणणाऱ्यांचे आणि दोर ओढणाऱ्यांचे हात पाहत. माझेही पाहत. मी काही शिवलो नव्हतो, तरी मी कोपरापर्यंत साबण लावत असे, आणि डास चावला तरी ती जागा दुपारपर्यंत पाच-सहा वेळा तपासत असे. एका घरी गाय खाईना झाली; त्या घरचे लोक दोन दिवस झोपले नाहीत. तिने नुसती ओली पेंड जास्त खाल्ली होती. शेजारच्या गावाने शिवेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. आमच्या गावातला एक जण लग्नाला निघाला होता, त्याला तिथल्या लोकांनी परत पाठवले.

बाईंनी एकदा विचारले, “बायकांपैकी कोणी?”

“बायका खड्ड्याजवळ आल्याच नाहीत,” साहेब म्हणाले. ते खरे होते.

आठवडा होत आला तेव्हा मालक सकाळी हात दाखवायला आला. त्याच्या हाताला काही नव्हते. साहेबांनी त्याला बरे वाटावे म्हणून विचारले, जेवलास का.

“कायचं जेवन जी. बैल मेला तं घरचीनं भाकर थापनं बंद केलं. सुतक पाळून राह्यली. रोज आंबील. बैल माहा मेला का तिचा, समजत नाई मले.”

साहेब हसले. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत.

“थापत नाही म्हणजे? एका हातानं काम करते का?”

मालक विचार करू लागला. “पानी उजव्याच हातानं आनते,” तो म्हणाला. “पदर घेऊन राह्यते अंगभर. एवढ्या उन्हाचा.”

बाई उठल्या तेव्हा त्यांची चप्पल पायात नीट गेली नव्हती. तशाच त्या निघाल्या. आम्ही मागोमाग गेलो आणि अंगणात थांबलो. दार उघडे होते. आतले बोलणे ऐकू येत होते.

“डावा हात दाखवा.”

“भाजला जी. तव्याले लागला.”

“दुखतो?”

“नाई. दुखत नाई बिलकुल.”

भाजलेले दुखते. काळपुळी दुखत नाही. हे बाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

त्यांनी तिला उजेडात आणले. मनगटाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी खपली होती, कोळशासारखी काळी, मध्ये दबलेली. भोवती पाण्याने भरलेले बारीक फोड. सूज कोपराच्या वर गेली होती. अंगात ताप होता. ती बाईंकडे बघत नव्हती. ती दारातून साहेबांकडे बघत होती.

“मले नेतीन का वो, बाई?”

“दवाखान्यात न्यायचं आहे.”

“नाई, त्या सायबाच्या इथं. तुरुंगात.”

तिचा नवरा म्हणाला, “तुनं हात लावला? काऊन लावला?” आणि मग, “मले सांगतलं काऊन नाई?”

“तुमाले सांगतलं असतं तं तुमालेबी नेलं असतं.”

साहेब अंगणातल्या पाट्यावर बसले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग ते उठून गाडीची चौकशी करू लागले.

गाडी मिळेना. गावात गाड्या होत्या, बैल होते, पण दवंडीने बैल शिवेबाहेर नेण्याची बंदी केली होती. ती बंदी मात्र खरोखर आवश्यक होती. बाईंनीही ती मोडू दिली नाही. शेवटी असे ठरले की साहेबांनी पुढे चालत जायचे, शेजारच्या गावची गाडी शिवेपलीकडे उभी करायची आणि तिला तिथपर्यंत बाजेवर न्यायचे.

बाज आली. उचलायला चौघे लागतात. नवरा होता, मी होतो. नवऱ्याचे भाऊ आपल्या दारात उभे राहिले आणि पुढे आले नाहीत. रोग माणसाकडून माणसाला सहसा जात नाही, जखम झाकलेली आहे, असे बाईंनी दोनदा सांगितले. धाकटा भाऊ म्हणाला, “तुमी शिकेल हा बाई. आमी लेकरंवाले हो.”

कोतवाल डफडे ठेवून आला आणि त्याने बाजेचा पायथ्याकडचा कोपरा धरला.

नवरा म्हणाला, “तू?”

“ढोर नाई उचलत म्हटलं होतं. हे मानूस हाये. मानूस उचलतो मी.”

चौथा कोपरा बाईंनी धरला. वस्तीच्या टोकाशी आल्यावर धाकट्या भावाने येऊन तो त्यांच्याकडून घेतला.

निघण्याआधी बाईंनी काचपट्टीच्या निळ्या रंगाने तिच्या दंडावर, सूज संपत होती तिथे, रेघ ओढली होती. शिवेवर गाडी उभी होती; साहेब तिथूनच गावी परतले. गाडीवान खाली उतरला आणि बाज गाडीत चढेपर्यंत बांधावर लांब उभा राहिला. वर्ध्याला पोचलो तेव्हा सूज रेघेच्या पुढे गेली होती. बाईंनी दुसरी रेघ ओढली. पुढे सेवाग्रामपर्यंत टांगा केला. टांग्यात ती झोपल्यासारखी पडली होती आणि नवरा तिच्या पायाला धरून बसला होता. “बोल ना वो,” तो मधूनमधून म्हणत होता. “काई बोल. शिव्या दे मले.” दवाखान्याच्या दारात बाईंनी टांग्यातल्या कंदिलाने पाहिले. सूज दुसऱ्या रेघेवर होती.

पेनिसिलिन लगेच सुरू झाले. डॉक्टरांनी सांगितले की उशीर झाला आहे, सूज गळ्यापर्यंत गेली तर श्वास अडेल; आज-उद्या काही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शुद्धीत होती. नवरा बाहेर तोंड धुवायला गेला होता. तिने मला खूण केली.

“तुमी कायद्याचे ना जी?”

मी हो म्हणालो.

“मले किती सालाची होते?”

मी सांगितले की तिला काहीच होणार नाही. हात लावल्याबद्दल शिक्षा कायद्यात नाही. नव्हतीच.

तिने मान माझ्याकडे वळवली.

“मंग सायबानं डफडं काऊन वाजवलं?”

नवरा परत आला तेव्हा तिने त्याला वेसण कुठे खोचली ते सांगितले आणि बैल नेल्यावर गोठा झाडताना आपली जाऊही आत होती, असे सांगितले. जावेनेही ते कोणाला सांगितले नव्हते.

बाई आणि मी त्याच दिवशी गावी निघालो. वेसण पऱ्हाट्यांत सापडली. पऱ्हाट्यांचा तो सगळा भाग जागेवरच जाळला. जाऊ म्हणाली, मी गोठ्यात गेलीच नाई. तिचा नवरा म्हणाला, नाई गेली. बाईंनी हात बघायला मागितला. तिने दार लावून घेतले.

आणखी कोण लपवते आहे, हे कळायला मार्ग नव्हता. साहेबांनी दुसरी दवंडी दिली. शिक्षा नाही, पहिली दवंडी चुकीची होती, ज्याने ज्याने बैलाला, रक्ताला, गोठ्यातल्या शेणाला हात लावला असेल त्याने शाळेत यावे. ते स्वतः कोतवालाबरोबर फिरले आणि प्रत्येक ठिकाणी “चुकीची होती” हे शब्द स्वतःच्या तोंडाने बोलले. मग ते शाळेच्या ओसरीत खुर्ची टाकून बसले. ऊन कलेपर्यंत कोणी आले नाही. एकदा एक बाई कोपऱ्यापर्यंत आली, उभी राहिली आणि वळून गेली.

“काऊन येत नसतीन?” साहेबांनी कोतवालाला विचारले. ते नागपूरकडचे होते, पण एरवी गावातल्यासारखे बोलत नसत.

“पहिल्या दवंडीवर लोकायचा विश्वास बसला, सायेब,” कोतवाल म्हणाला. “आता दुसरीवर काऊन बसन?”

त्या रात्री साहेब जेवले नाहीत. बाईंनी पेनिसिलिनच्या कुप्या मोजून पाहिल्या. वर्ध्याहून आणलेल्या होत्या त्या एका माणसाला पुरतील एवढ्याच होत्या. मला माहीत होते की त्या जावेच्या दाराकडे बघून पुन्हा पुन्हा तोच हिशेब करत आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक सेवाग्रामहून चालत आला. तो शाळेत आला नाही. तो सरळ चौकात पाराजवळ गेला आणि पहिल्यांदा तिथल्या रांजणातले पाणी प्याला. लोक जमले, पण त्याच्यापासून लांब उभे राहिले.

“जित्ती हाये,” तो म्हणाला. “सूज उतरून राह्यली. पोलीस नाई आला. कोनीच नाई आला. सुई देतेत अन् दूध देतेत.” मग तो भावाच्या घराकडे वळून मोठ्याने म्हणाला, “वयनी, ती म्हनते का तुले शपथ हाये तिची. हात दाखवून येजो.”

थोड्या वेळाने जाऊ आली. तिच्यामागून तिचा नवरा. मग दोन घरांतली माणसे, ज्यांना आम्ही विचारलेच नव्हते: एकाने मेलेल्या बैलाच्या पापण्या मिटल्या होत्या, एकीने गोठ्याची शेणाची पाटी उकिरड्यावर टाकली होती. अंधार पडेपर्यंत ओसरीत माणसे हात पुढे करून बसली होती. बाई कंदील धरून एकेक हात दोन्ही बाजूंनी पाहत होत्या.

एकाच्या तळव्याला फोड होते. बाईंनी ते टोचून पाहिले आणि त्याला फावड्याचे फोड आहेत असे सांगितले. तो तिथेच रडला. बाकीच्यांच्या हातांवर काही आढळले नाही. त्यांना आणखी आठ दिवस रोज येऊन हात दाखवायला सांगितले. ते रोज आले.

नागपूरहून काचपट्टीचा निकाल आला: तोच रोग. गावच्या गुरांना पशुवैद्याने लस टोचली. खड्ड्याभोवती काटेरी कुंपण घातले.

मालकाच्या बायकोचा ताप दवाखान्यात उतरला. खपली मे महिन्यात सुटली. खालची जखम भरेपर्यंत मृग लागला. ती घरी आली तेव्हा तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट पूर्ण मिटत नव्हते. आम्ही जूनअखेर गाव सोडले. तोपर्यंत तिथे दुसरे जनावर त्या रोगाने मेले नव्हते आणि दुसऱ्या माणसाला तो झाल्याचे आढळले नव्हते.